गुणपत्रकाची मागची बाजू

डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. लिलावात माल बोलला जातो तो प्रतवारीने: एक नंबर, दोन नंबर, गोल्टी, चिंगळी, जोड. ही प्रतवारी आकाराची, रंगाची आणि सालीची असते, हे शेतकऱ्यालाही ठाऊक असतं आणि व्यापाऱ्यालाही. कांदा किती टिकेल, कोणत्या पाण्यावर वाढला, हे त्या शब्दांत येत नाही. त्यासाठी पिशवी सोडून कांदा हातात घ्यावा लागतो, आणि घेणारे घेतातच.

विद्यापीठाने ‘ग्रेड’साठी ‘श्रेणी’ हा शब्द घेतला आणि ‘प्रतवारी’ बाजाराकडे राहिली. काम दोन्ही शब्दांचं एकच. पण बाजारात एक नंबर म्हणजे काय हे हमालालाही सांगता येतं, आणि सोलापूरजवळच्या केगावच्या विद्यापीठातून आलेल्या गुणपत्रकावरच्या ‘ए प्लस’चा नेमका अर्थ मात्र तो मिळवणाऱ्या मुलीला, तिच्या आईवडिलांना आणि तिला नोकरी देणाऱ्यालाही बहुतेक वेळा सांगता येत नाही. ते अक्षर बनतं कसं, कुठे चुकतं आणि किती सांगतं, हे नीट उलगडून ठेवावं असं फार दिवस वाटत होतं.

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झालं, एकाच जिल्ह्यासाठी. २०१९ पासून त्याचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. त्याआधी इथल्या महाविद्यालयांना पदवी मिळायची कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. त्यामुळे इथल्या पुष्कळ घरांत एकाच फायलीत दोन विद्यापीठांचे कागद आहेत. वडिलांच्या कागदावर ‘द्वितीय वर्ग’, मुलीच्या कागदावर ‘सीजीपीए ७.८०’, म्हणजे सगळ्या सत्रांच्या ग्रेड पॉइंटची मिळून सरासरी. वडिलांची पद्धत साधी होती, थेट टक्क्यांवरून वर्ग: पास, सेकंड क्लास, हायर सेकंड, ६० ला फर्स्ट क्लास, ७० ला डिस्टिंक्शन. मुलीच्या कागदाबद्दल सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात, “म्हणजे टक्के किती?” आणि तिथेच घोळ सुरू होतो.

आजची पद्धत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा बिंदूंच्या तक्त्यावर उभी आहे. ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५, ‘पी’ला ४, ‘एफ’ला शून्य आणि गैरहजेरीलाही शून्य. कोणत्या अक्षरासाठी किती गुण लागतील, हे आयोगाने सगळीकडे बांधून दिलेलं नाही. थेट गुणांवरून श्रेणी देताना दोनच खुंट्या पक्क्या ठोकल्या: ‘बी’ ५० टक्क्यांच्या खाली नको आणि ‘बी प्लस’ ५५ च्या खाली नको. याच दोन का, तर प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट आणि सेट परीक्षांना पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात आणि आरक्षित प्रवर्गांना ५०. बाकीच्या पट्ट्या प्रत्येक विद्यापीठाने आपापल्या आखल्या. म्हणून एका विद्यापीठाचा ‘ए’ ६० गुणांपासून सुरू होतो, तर दुसऱ्याचा ७० पासून. शहरातल्या स्वायत्त महाविद्यालयांच्या परीक्षा ती महाविद्यालयं स्वतः घेतात आणि पदवी तेवढी विद्यापीठाची असते, तेव्हा एकाच शहरातले दोन ‘ए’ही एका मापाचे असतीलच असं धरून चालू नये.

पट्टी म्हणजे काय, हे आकड्यांतच नीट दिसतं. समजा तक्ता असा आहे: ८० आणि त्यापुढे ‘ओ’, ७० ते ७९ ‘ए प्लस’, ६० ते ६९ ‘ए’, ५५ ते ५९ ‘बी प्लस’. शंभर-शंभर गुणांचे पाच पेपर, प्रत्येक चार क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे तासांवरून ठरलेलं विषयाचं वजन), म्हणजे सत्राची एकूण क्रेडिट २०. पहिल्या विद्यार्थ्याला ६०, ६०, ७०, ७०, ८० मिळाले. बेरीज ३४०, म्हणजे ६८ टक्के. दुसऱ्याला ६९, ६९, ७९, ७९, ९९ मिळाले. बेरीज ३९५, म्हणजे ७९ टक्के. दोघांचेही ग्रेड पॉइंट ८, ८, ९, ९, १०. दोघांचाही एसजीपीए, म्हणजे त्या सत्राची सरासरी, ८.८०. मध्ये ५५ गुणांची दरी आहे आणि त्या आकड्यात तिचा मागमूस नाही.

आता तिसरी विद्यार्थिनी घ्या. तिला ५९, ५९, ६९, ६९, ७९. बेरीज ३३५, म्हणजे पहिल्यापेक्षा पाचच गुण कमी, दर पेपरला एक. तिचे पॉइंट होतात ७, ७, ८, ८, ९ आणि एसजीपीए ७.८०. पंचावन्न गुणांनी काही बिघडलं नाही आणि पाच गुणांनी एक अख्खा पॉइंट गेला. उदाहरण मुद्दाम टोकाचं घेतलं आहे, एवढं नेमकं कुणाचं जुळत नाही. पण दर सत्राच्या निकालात एखाद-दुसऱ्या पेपरात हे प्रत्येकाच्या बाबतीत घडत असतं. कुणी पट्टीच्या तळाशी बसतो, कुणी माथ्याशी, आणि अक्षर दोघांना एकच मिळतं.

श्रेणी आणण्यामागचा हेतू चांगला होता, हे मी मनापासून मानतो. ६१ आणि ६२ मधला फरक खरा नसतो, मग तो दाखवायचा कशाला, असा तो विचार. तो बरोबरच आहे. अडचण एवढीच की पट्टीच्या आतला खोटा फरक पुसताना पट्टीच्या कडेवरचा खोटा फरक दसपट मोठा होतो. ६९ आणि ७० मधला फरकही तितकाच खोटा असतो, आणि त्याला मात्र एक पूर्ण पॉइंट मिळतो.

क्रेडिटचं गणित सोपं आहे, तरी त्यात सर्रास चूक होते. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास; प्रात्यक्षिकाचे ३०. चार क्रेडिटचा विषय म्हणजे सत्रभरात ६० तास शिकवणं. प्रत्येक विषयाच्या ग्रेड पॉइंटला त्याच्या क्रेडिटने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं, हा एसजीपीए. सगळ्या सत्रांचा मिळून सीजीपीए काढताना मुलं एसजीपीएंची सरळ सरासरी काढतात, ती चूक. समजा पहिल्या सत्रात २० क्रेडिटना ६.२० आणि दुसऱ्यात २४ क्रेडिटना ८.०० मिळाले. सरळ सरासरी ७.१० येते. खरा हिशोब १२४ अधिक १९२, भागिले ४४, म्हणजे ७.१८. शतांशाचा फरक, पण कटऑफ ७.१५ असेल तर तेवढाच निर्णायक ठरतो. यातूनच आणखी एक गोष्ट कळते. दोन क्रेडिटच्या पेपरातला ‘ओ’ चार क्रेडिटच्या पेपरातल्या ‘ओ’च्या निम्माच चालतो. नव्या शैक्षणिक धोरणातल्या रचनेत दोन क्रेडिटचे छोटे विषय खूप आहेत. अभ्यासाचा वेळ वाटताना हे डोक्यात असावं.

आणि टक्के? त्यासाठी सूत्रं फिरतात. कुणी सीजीपीएला १० ने गुणतं. कुणी ९.५ ने, ती सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या पद्धतीची पट्टी आहे, तिथल्या वरच्या श्रेणीतल्या मुलांच्या गुणांच्या सरासरीवरून काढलेली, आणि तिचा विद्यापीठाशी काही संबंध नाही. अभियांत्रिकीकडे ०.७५ वजा करून १० ने गुणायचं सूत्र चालतं. वरच्या ८.८० ला हे तिन्ही लावून पाहा: ८८, ८३.६ आणि ८०.५. ज्याला प्रत्यक्षात ६८ टक्के होते त्यालाही हेच आकडे, ज्याला ७९ होते त्यालाही हेच. गुणांचं अक्षर केलं की मूळ गुण त्यातून परत काढता येत नाहीत, जसं दळलेल्या पिठावरून ज्वारीचा दाणा केवढा होता हे सांगता येत नाही. अर्जात टक्के मागितले असतील तर आपल्या विद्यापीठाने अधिकृतपणे दिलेलं सूत्र वापरावं आणि सोबत त्याचा कागद जोडावा. नेटसाठी ५५ टक्के पाहताना तर आकडा वर ओढून पूर्ण करता येत नाही. ५४.९ म्हणजे ५४.९.

हा झाला गुण हातात आल्यानंतरचा हिशोब. गुण येतात कुठून, ही बाजू जास्त महत्त्वाची आणि कमी बोलली जाणारी.

शंभरातले काही गुण महाविद्यालयाकडे असतात, बाकीचे विद्यापीठाच्या पेपरला. समजा वाटणी ८० आणि २० ची आहे. अंतर्गत २० मध्ये चाचणी, गृहपाठ, सेमिनार, कधी तोंडी. एखाद्या वर्गात सगळ्यांनाच १७ ते १९ मिळाले, तर त्या गुणांनी कुणामध्येच फरक पडत नाही. सगळे एकसारखे वर उचलले जातात. थिअरीत ८० पैकी ५२, म्हणजे ६५ टक्के लिहिणारा मुलगा १८ अंतर्गत गुणांनी ७० वर जातो आणि ‘ए’चा ‘ए प्लस’ होतो. शेजारच्या तालुक्यातल्या काटेकोर महाविद्यालयात तेवढंच लिहिणाऱ्या मुलीला अंतर्गत १३ मिळाले तर ती ६५ वर, ‘ए’वर राहते. काटेकोर शिक्षकाचा भार विद्यार्थ्याने सोसायचा, हे मला या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत अन्यायाचं वाटतं, कारण त्या शिक्षकाने केलेलं असतं ते खरं काम.

जिथे लेखी आणि अंतर्गत दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं, तिथे आणखी एक पेच असतो. ८० पैकी ३२ आणि २० पैकी ८, एकूण ४०: पास. ८० पैकी ३० आणि २० पैकी २०, एकूण ५०: नापास. घरी हे समजावून सांगताना मुलांची दमछाक होते. दहा गुण जास्त असून नापास कसा, हा प्रश्न आईवडिलांच्या जागी अगदी रास्त असतो.

लेखी पेपरचा प्रवास असा. परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका आता बहुतेक ठिकाणी ऑनलाइन येते, पासवर्ड टाकून केंद्रावर उघडते आणि तिथेच छापली जाते. ब्लॉकमध्ये पर्यवेक्षक आसन क्रमांक तपासतो, उत्तरपत्रिकेवर सही करतो, बारकोडचं स्टिकर लागतं, पुरवण्या बांधल्या जातात. पेपर संपला की उत्तरपत्रिका मोजून, गैरहजरांची यादी लावून गठ्ठे मूल्यमापन केंद्रात जातात. सगळे त्याला कॅप म्हणतात. तिथे विद्यार्थ्याची ओळख झाकलेली असते. परीक्षकाकडे आदर्श उत्तरं आणि गुणांची विभागणी असते. परीक्षकाने तपासलेल्यांपैकी काही उत्तरपत्रिका नियामक, म्हणजे मॉडरेटर, पुन्हा पाहतो. मग गुणांची नोंद, अंतर्गत आणि प्रात्यक्षिकाचे गुण जोडणं, गुणसवलतीचे (ग्रेस मार्कांचे) नियम लावणं आणि निकाल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा आणि कसंही करून ४५ दिवसांच्या आत तो लागावा, अशी अपेक्षा आहे.

आता परीक्षकाच्या खुर्चीत बसून पाहा. समजा त्याने दिवसाला ४० उत्तरपत्रिका तपासायच्या आणि प्रत्यक्ष कामाचे सहा तास मिळतात. ३६० मिनिटं भागिले ४०, एका उत्तरपत्रिकेला नऊ मिनिटं. पुरवण्या धरून ३६ पानं असतील तर एका पानाला १५ सेकंद. एप्रिल-मेमधल्या सोलापूरच्या उन्हात, पारा ४० च्या पुढे गेलेला असताना, दुपारी तीन वाजता सव्विसाव्या उत्तरपत्रिकेच्या सातव्या पानाला १५ सेकंद. यात परीक्षकाला दोष देण्यासारखं काही नाही. तो शोधतो आहे मुद्दे: व्याख्या आहे का, आकृती आहे का, सूत्र लिहून एकक दिलं आहे का, शेवटचं उत्तर चौकटीत आहे का. ज्याचं उत्तर असं शोधायला सोपं, त्याला गुण मिळतात. ज्याने विषय खोल समजून घेऊन तीन पानांचा सलग परिच्छेद लिहिला, त्याचा सोळावा मुद्दा निसटू शकतो. म्हणून उत्तराला मथळा द्यावा, प्रश्नाचा क्रमांक समासात ठळक लिहावा, पोटप्रश्न नव्या ओळीवर सुरू करावा आणि एका प्रश्नाचे तुकडे चार ठिकाणी विखरू नयेत. याला कुणी क्लृप्ती म्हणेल. वाचणाऱ्याचा वेळ सांभाळणं ही मला लिहिणाऱ्याची जबाबदारी वाटते.

दोन परीक्षक एकच उत्तरपत्रिका सारखी तपासत नाहीत, हे शंभर वर्षांहून जुनं ज्ञान आहे. अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या. शंभरपैकी एकीला ६४ पासून ९८ पर्यंत गुण मिळाले, दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. लोक म्हणाले, भाषेच्या पेपरात असं होणारच. मग त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका दिली. तिथे गुणांचा पसारा आणखी वाढला, कारण कुणी फक्त उत्तर पाहिलं, कुणी पायऱ्यांना गुण दिले, कुणी टापटिपीचे कापले. आज गुणविभागणी छापील असते म्हणून पसारा कमी होतो. शून्य होत नाही. शंभराच्या पेपरात तीन-चार गुण इकडेतिकडे होणं मी अगदी स्वाभाविक धरतो. आणि पट्टीची कड त्या तीन-चार गुणांच्या आत आली की अक्षर बदलतं.

एक कड मात्र परीक्षक डोळे उघडे ठेवून पाहतो: पास-नापासाची. बेरीज ३८ किंवा ३९ आली की बहुतेक परीक्षक पेपर पुन्हा उलटतात, कुठे अर्धा, कुठे एक गुण सुटला का पाहतात. त्यामुळे पासाच्या रेषेच्या जरा खाली गुणांची गर्दी ओसरते आणि रेषेवर ती वाढते. त्यात माणुसकी आहे आणि ती असावीच. पण ५४ किंवा ५९ वर अडकलेल्या पेपरकडे तितक्या काळजीने कुणी पाहत नाही, आणि सेटची पात्रता किंवा कॅम्पस मुलाखतीची साठ टक्क्यांची अट नेमकी तिथेच असते. गुणसवलतीचे नियमही मुख्यतः पासाच्या रेषेभोवती असतात. काही ठिकाणी वरचा वर्ग गाठण्यासाठीही थोडी मुभा असते. सवलत लागली असेल तर गुणपत्रकावर बारीक खूण असते, तिचा अर्थ खाली किंवा मागे छापलेला असतो.

सोलापूरपुरतं एक वेगळं बोलायला हवं. या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या घरात तेलुगू बोलणारी मुलगी शाळा मराठीत किंवा तेलुगूत करते आणि बी.कॉम.चा पेपर इंग्रजीत किंवा मराठीत लिहिते. अक्कलकोटकडच्या मुलाचं घर कन्नड असतं. अकाउंटन्सीच्या ताळेबंदात याचा फारसा फरक पडत नाही; आकडे आकडेच असतात. पण व्यवसाय कायद्याच्या ‘सोदाहरण स्पष्ट करा’ या प्रश्नात विषय किती कळला आणि तिसऱ्या भाषेतली वाक्यरचना किती जमली, हे दोन्ही एकाच आकड्यात मिसळतात आणि गुणपत्रक ते वेगळं करून दाखवत नाही. ज्या विषयात गणित किंवा प्रात्यक्षिक आहे तिथे अशा मुलांची श्रेणी चढते आणि वर्णनात्मक पेपरात उतरते, ही ओळ त्यांच्या गुणपत्रकात डोळसपणे वाचली तर दिसू शकते. मुलाखत घेणाऱ्याने ती वाचावी, एवढं मागणं फार नाही.

परीक्षेची पद्धत बदलली तरी अक्षर तेच राहतं, याचं ठळक उदाहरण २०२० चं. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही असं सांगितलं आणि राज्यातल्या विद्यापीठांनी त्या शरद ऋतूत बहुपर्यायी प्रश्नांच्या, मुख्यतः ऑनलाइन परीक्षा घेतल्या. घरी बसून मोबाइलवर तासाभरात सोडवलेला पेपर आणि वर्गात अडीच-तीन तास लिहिलेला पेपर, दोन्हींचा ‘ओ’ दिसायला सारखाच. त्या मुलांनी काही चूक केली नव्हती. समोर आलेली परीक्षाच त्यांनी दिली. पण गुणपत्रकावरचं वर्ष न वाचता नुसतं अक्षर वाचणाऱ्याने त्यांनाही न्याय दिला नाही आणि आधीच्यांनाही नाही.

काही ठिकाणी श्रेणी गुणांवरून न देता वर्गातल्या जागेवरून दिली जाते; आयोगाने ती मुभाही ठेवलेली आहे. वरचे अमुक टक्के ‘ओ’, त्याखालचे ‘ए प्लस’. मोठ्या, मिश्र वर्गात हे पेपर अवघड की सोपा याचा दोष भरून काढतं. बारा जणांच्या एम.एस्सी.च्या वर्गात ते वाईट चालतं, कारण बाराही जण चांगले असू शकतात. आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत मुख्यतः थेट गुणांचीच पद्धत आहे, म्हणून यावर जास्त रेंगाळत नाही.

निकाल लागल्यावर काय करायचं, हे मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे दिवस मोजूनच मिळतात. ‘निकाल राखीव’ दिसला तर घाबरू नये. बहुतेक वेळा महाविद्यालयाने अंतर्गत किंवा प्रात्यक्षिकाचे गुण पोर्टलवर भरलेले नसतात, पात्रतेचा एखादा कागद बाकी असतो किंवा आसन क्रमांकाचा गोळा चुकीचा रंगवलेला असतो. आधी महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात जावं, पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) आणि हॉल तिकीट घेऊन. थेट केगावला गाडी काढू नये, कारण तिथून परत महाविद्यालयाचंच पत्र मागतात. हजर असून ‘गैरहजर’ लागलं असेल तर त्या दिवशीच्या ब्लॉकची सहीची नोंद महाविद्यालयात असते. तीच पुरावा ठरते.

गुण कमी वाटत असतील तर थेट पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करण्याआधी तपासलेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी. मुदत विद्यापीठाच्या परिपत्रकात असते आणि ती निकालाच्या तारखेपासून मोजली जाते, गुणपत्रक हातात आल्यापासून नाही. अनेकांचं तिथेच चुकतं. गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन हे दोन वेगळे अर्ज आहेत. पहिल्यात फक्त बेरीज आणि न तपासलेला भाग पाहिला जातो. दुसऱ्यात दुसरा परीक्षक पेपर पुन्हा तपासतो, आणि नियमाप्रमाणे गुण खालीही जाऊ शकतात.

छायाप्रत आली की शांतपणे, पेन्सिल घेऊन बसावं. आतल्या पानांवरचे गुण पहिल्या पानाच्या तक्त्यात त्याच प्रश्नासमोर आले आहेत का, ते एकेक जुळवावं. तक्त्याची बेरीज स्वतः करावी. पुरवणीतली प्रत्येक बाजू तपासलेली आहे का पाहावं. पान चिकटून राहिल्याने किंवा शेवटच्या कोऱ्या पानानंतर पुन्हा लिहिल्याने राहून गेलेलं उत्तर हीच सर्वांत जास्त हाती लागणारी चूक. ‘कोणतेही तीन सोडवा’ मध्ये चार सोडवले असतील तर कोणते तीन धरले, ते पाहावं. बहुपर्यायी भागात प्रश्नपत्रिकेचा संच आणि उत्तरतालिकेचा संच एकच आहे का, हे तपासावं. यातलं काही सापडलं तर पडताळणीचा अर्ज पुरेसा होतो. काही सापडलं नाही आणि फक्त ‘मला जास्त अपेक्षा होती’ एवढंच उरलं, तर विषयाच्या शिक्षकांना छायाप्रत दाखवावी. त्यांनी गुणविभागणीवर बोट ठेवून, इथे दोन गुण जास्त यायला हवे होते असं सांगितलं तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरावेत.

आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये माहिती अधिकार कायद्याखाली मान्य केला. परीक्षकाचं नाव मात्र मिळत नाही आणि ते मागूही नये. तो माणूस निर्भयपणे तपासू शकला पाहिजे. पुन्हा तपासून मिळण्याचा हक्क वेगळा आहे, तो विद्यापीठाच्या नियमांत असेल तेवढाच मिळतो. माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात आणि तोवर पुनर्मूल्यांकनाची मुदत निघून गेलेली असते. म्हणून आधी विद्यापीठाच्या छायाप्रतीच्या अर्जाचाच रस्ता धरावा.

या मुलांना नोकरीवर घेणाऱ्यांना, मग ती चिंचोळी एमआयडीसीतली टॉवेलची कंपनी असो, पुण्यातली आयटी कंपनी असो की एखादी पतसंस्था, माझी विनंती आहे की सीजीपीएचा एकच आकडा मागू नका. विषयवार गुण मागा. ७.८० मध्ये कॉस्ट अकाउंटिंगचे ७८ आहेत की ५६, हे तुमच्या कामाला लागणारं आहे, सरासरी नाही. पहिल्या सत्रात ५.९० आणि सहाव्यात ८.६० असलेली मुलगी आणि सहाही सत्रांत ७.२० च्या आसपास राहिलेला मुलगा, दोघांचा सीजीपीए जवळजवळ सारखा येऊ शकतो. करमाळ्याहून किंवा सांगोल्याहून येऊन पहिल्या वर्षी वसतिगृहात रुळायला लागलेला वेळ त्या ५.९० मध्ये असू शकतो. आकडा हे सांगत नाही, सत्रांचा क्रम सांगतो.

आता मिळवलेली क्रेडिट ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या ऑनलाइन नोंदवहीतल्या आपल्या खात्यात जमा होतात आणि साधारण सात वर्षांपर्यंत वापरता येतात. मध्येच शिक्षण सुटलेल्यांना हा मोठा आधार आहे. दर सत्राला खात्यात आपली क्रेडिट आली का, हे स्वतः उघडून पाहावं. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि पीआरएनवर दुसरं असलं की क्रेडिट अडकतात, आणि तिसऱ्या वर्षी ते सोडवायला जेवढे हेलपाटे पडतात तेवढे पहिल्या वर्षी पडत नाहीत.

आणि गुणपत्रक हातात आलं की ते उलटून पाहा. कोणत्या गुणाला कोणतं अक्षर, सीजीपीएवरून वर्ग कसा काढायचा, सवलतीच्या खुणा कोणत्या, हे बारीक, फिकट अक्षरांत बहुधा तिथेच मागे छापलेलं असतं. तिथे नसेल तर विद्यापीठाच्या परिपत्रकात असतं, ते छापून फायलीत लावावं. मुलं अर्जाच्या घाईत दुकानात जातात आणि दुकानदार सवयीने पुढचीच बाजू काचेवर ठेवतो. त्याला थांबवून दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढायला सांगा.